नारळ कधी द्यावा?

2017 च्या नाताळात पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना ह्यूस्टनला होता. दोन दिवस आधी, शनिवारी 23 डिसेंबरला, संघाला 53 जणांच्या यादीत एक जागा मोकळी करायची होती, कारण मार्कस गिल्बर्ट हा टॅकल चार सामन्यांची बंदी भोगून परतत होता. नाव कापलं गेलं जेम्स हॅरिसनचं. वय 39. चेंडू फेकायच्या आत प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला लोळवलं की त्याला सॅक म्हणतात, आणि स्टीलर्सच्या इतिहासात तेव्हा सर्वाधिक सॅक हॅरिसनच्या नावावर होते, साडेऐंशी. (दोघांनी मिळून पाडलं तर श्रेय अर्धं-अर्धं वाटलं जातं, म्हणून हा अर्धा.) मंगळवारी तो न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये दाखल झाला. याच पेट्रियट्सनी नऊ दिवसांपूर्वी स्टीलर्सना त्यांच्या घरच्या मैदानावर 27-24 असं हरवलं होतं, आणि जानेवारीत दोघांची पुन्हा गाठ पडणार असं सगळेच धरून चालले होते.

त्यानंतरचा संताप मला अजून अस्वस्थ करतो. तो हॅरिसनला काढलं म्हणून जेवढा झाला त्याहून जास्त हॅरिसन पेट्रियट्सकडे गेला म्हणून झाला. स्टीलर्सचा सेंटर मॉर्किस पाउन्सी याने जाहीरपणे सांगितलं की हॅरिसनने आपला वारसा आपल्या हातानेच पुसून टाकला. दुसरा सहकारी बड डुप्री याने सांगितलं की हॅरिसनला जायचंच होतं. बैठकीत झोपायचा, खेळवणार नाहीत असं कळलं की निघून जायचा, अशा गोष्टी बाहेर आल्या. हॅरिसनने इन्स्टाग्रामवर आपली बाजू मांडली: खेळवू असं सांगून मला ठेवलं, खेळवलं नाही, तेव्हा मीच मोकळं करा म्हणत होतो.

मला संघाचा निर्णय चुकीचा वाटत नाही. चुकीचं वाटतं ते निर्णयाच्या आधीचं आणि नंतरचं वागणं. ज्येष्ठ खेळाडूला संघात जागा मिळण्याचा हक्क नसतो. पण तू आता आमच्या बेतात नाहीस हे त्याला वेळेत, स्पष्ट शब्दांत कळण्याचा हक्क असतो, आणि एकदा नारळ हातात दिल्यावर त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा हक्क संघाला उरत नाही.

आधी संघाची बाजू पुरती मांडू. ती कच्ची नाही. त्या वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत स्टीलर्सनी टी. जे. वॅटला घेतलं होतं, आणि तो हॅरिसनच्याच जागेवर खेळणार होता. 2015 च्या पहिल्या फेरीतला डुप्री दुसऱ्या बाजूला होता. त्या मोसमात स्टीलर्सनी 56 सॅक केले. लीगमध्ये तेवढे कुणाचेच नव्हते आणि संघाच्या इतिहासातही तो उच्चांक होता. हॅरिसनचा त्यातला वाटा एक. हाच वॅट 2021 मध्ये साडेबावीस सॅक करून एका मोसमाच्या विक्रमाशी बरोबरी करणार होता आणि 2023 मध्ये हॅरिसनचा साडेऐंशीचा आकडाही मागे टाकणार होता. अशा पोराला मैदानावर ठेवायचं की चाळिशीच्या माणसाला, यावर प्रशिक्षक माइक टॉमलिनना झोप उडवून घ्यायची गरज नव्हती. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची संख्या आणि पगाराची एकूण मर्यादा दोन्ही बांधलेली असतात. 2017 मध्ये ही मर्यादा 16 कोटी 70 लाख डॉलर होती. तिथे उपकार म्हणून अडवलेली प्रत्येक जागा दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून काढलेली असते.

आणि निष्ठुरपणा फळतो, हेही नाकारता येत नाही. 2003 चा मोसम सुरू व्हायला काही दिवस उरले असताना पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी लॉयर मिलॉय या आपल्या लाडक्या बचावपटूला काढून टाकलं, कारण तो पगार कमी करून घ्यायला तयार नव्हता. मिलॉय बफेलोला गेला आणि पहिल्याच सामन्यात बफेलोने पेट्रियट्सचा 31-0 असा फडशा पाडला. सगळ्यांनी म्हटलं, भोगा आता. त्याच मोसमाच्या शेवटच्या साखळी सामन्यात पेट्रियट्सनी बफेलोला 31-0 ने हरवलं आणि पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. ज्येष्ठाला काढलं की संघाचा आत्मा मरतो, हा भाबडा युक्तिवाद मी करणार नाही. मरत नाही.

मग हॅरिसनच्या बाबतीत बिनसलं कुठे? त्यासाठी हा माणूस कसा घडला ते पाहायला हवं.

2002 मध्ये केंट स्टेट विद्यापीठातून बाहेर पडलेल्या हॅरिसनला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. स्टीलर्सनी सरावाला बोलावलं, काढलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा काढलं. मध्ये बाल्टिमोरने घेऊन युरोपातल्या लीगमध्ये जर्मनीच्या ऱ्हाइन फायर संघाकडे पाठवलं आणि नंतर तिथूनही तो सुटला. 2004 मध्ये तो फुटबॉल सोडून जड वाहन चालवायची नोकरी धरायच्या विचारात होता, तेवढ्यात स्टीलर्सच्या क्लार्क हॅगन्सचा वजनं उचलताना हात मोडला आणि हॅरिसनला पुन्हा निरोप गेला. त्याच वर्षी क्लीव्हलंडला सामन्याआधीच्या हाणामारीत स्टीलर्सच्या जोई पोर्टरला बाहेर काढलं गेलं, म्हणून हॅरिसन पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात उतरला. चार वर्षांनी, 2008 मध्ये, तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेल्या खेळाडूला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या मोसमाच्या शेवटी, 1 फेब्रुवारी 2009 ला, टॅम्पातल्या सुपर बोलमध्ये जे घडलं ते पिट्सबर्गमध्ये पोराटोरांना पाठ आहे. पूर्वार्ध संपायला 18 सेकंद. स्टीलर्स 10-7 ने पुढे, पण ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेच्या अगदी तोंडाशी. हॅरिसनने क्वार्टरबॅकवर धावून जायचं असा डावपेच ठरलेला. त्याने दोन पावलं पुढे टाकल्यासारखं केलं आणि मागे सरकला. ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याचा चेंडू थेट त्याच्या छातीवर आला. मग हा अवाढव्य माणूस मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर यार्ड धावत सुटला. कुणी पायात पडलं त्याच्यावरून उडी मारली, कुणी बाजूने आलं त्याला सोबतचे अडवत राहिले, आणि अखेर ॲरिझोनाच्या लॅरी फिट्झजेराल्डने गाठलं तोवर तो पलीकडच्या रेषेत कोसळला होता. घड्याळ शून्यावर आलेलं. तो उताणा पडून राहिला, बराच वेळ उठलाच नाही. सामना स्टीलर्सनी 27-23 असा जिंकला, म्हणजे चार गुणांनी. त्या एका धावेने सात गुण तर मिळालेच, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाशी आलेले गुणही गेले.

तो संत नव्हता. डोक्याने डोक्यावर आदळण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे 2010 मध्ये लीगने त्याला 75 हजार डॉलरचा दंड ठोठावला (तो पुढे कमी झाला) आणि 2011 मध्ये एका सामन्यासाठी निलंबित केलं. दोन्ही शिक्षा मला योग्य वाटतात. पण स्टीलर्सना तो हवा होता तो असाच, आणि पिट्सबर्गने त्याच्यावर जीव टाकला तोही असाच होता म्हणून.

2013 मध्ये पगार कमी करायला नकार दिला म्हणून स्टीलर्सनी त्याला सोडलं. तो सिनसिनाटीला एक मोसम खेळला, 2014 च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला, आणि तीनच आठवड्यांत आपल्या जार्विस जोन्सचं मनगट दुखावल्यावर स्टीलर्सनी हॅरिसनला परत बोलावलं. आधी हॅगन्सचा हात, आता जोन्सचं मनगट. दुसऱ्याचं हाड मोडलं की हॅरिसनला निरोप जायचा आणि तो यायचा. 2017 च्या जानेवारीत, वयाच्या 38 व्या वर्षी, त्याने कॅन्सस सिटीच्या एरिक फिशरला असं जेरीस आणलं की फिशरने त्याला धरून ठेवलं, पंचांनी दंड दिला, कॅन्सस सिटीची बरोबरी साधणारी खेळी रद्द झाली आणि स्टीलर्स 18-16 ने पुढच्या फेरीत गेले. त्यानंतर दोन वर्षांचा नवा करार झाला. आणि त्या करारानंतर त्याला बाकावर बसवलं.

2017 च्या मोसमात तो जेमतेम पाच सामन्यांत मैदानावर दिसला, तेही थोडाथोडा वेळ. ऑक्टोबरमध्ये पुन्हा कॅन्सस सिटीलाच, पुन्हा फिशरला चुकवून त्याने अखेरच्या क्षणांत क्वार्टरबॅकला पाडलं आणि 19-13 चा विजय पक्का केला. तेव्हा वाटलं, आता तरी याला खेळवतील. त्यानंतर तर त्याचं नाव सामन्याच्या दिवशीच्या यादीतूनही वगळलं जाऊ लागलं.

अशा माणसाला ठेवण्यामागचा हिशेब उघड आहे. कोण कधी जायबंदी होईल सांगता येत नाही. त्याच डिसेंबरच्या 4 तारखेला स्टीलर्सच्याच रायन शेझियरच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि त्याची कारकीर्दच संपली. म्हणून एखादा तयार गडी हाताशी असावा, हा विचार रास्त आहे. मात्र मग त्या गड्याला तसं सांगावं लागतं: तू राखीव आहेस, वॅट आणि डुप्री धडधाकट असतील तोवर तू खेळणार नाहीस, पटत असेल तर राहा. हॅरिसनच्या म्हणण्यानुसार त्याला याच्या उलट सांगितलं गेलं होतं. तो रागाच्या भरात बोलत होता असं मानून त्यातलं अर्धं वजा केलं तरी एक गोष्ट उरते. त्याने सुटका मागितली होती, आणि ती मिळाली ती त्याने मागितली तेव्हा नाही, संघाला जागा लागली तेव्हा.

हा उशीर वरवर किरकोळ दिसतो, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल करायची एक शेवटची तारीख असते, 2017 मध्ये ती 31 ऑक्टोबर होती. चार किंवा त्याहून जास्त मोसम नोंदलेल्या खेळाडूला त्या तारखेच्या आत सोडलं तर तो त्याच दिवशी मोकळा होतो. हवं त्या संघाशी बोलू शकतो, जागा आणि पगार ठरवू शकतो, नकार देऊ शकतो. ती तारीख उलटली की हा हक्क जातो. मग कितीही जुना खेळाडू असो, आधी त्याचं नाव वेव्हर यादीत पडतं. बाकीचे सगळे संघ तळापासून वरपर्यंत क्रमाने त्याच्यावर हक्क सांगू शकतात, आणि ज्याने सांगितला त्याच्याकडे जुन्या करारासकट जावं लागतं. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं खेळलेल्या माणसाला 30 ऑक्टोबरला सोडलं तर तो स्वतःचा मालक असतो, आणि 2 नोव्हेंबरला सोडलं तर त्याच्या वतीने दुसरे निवड करतात. हॅरिसनवर एकाही संघाने हक्क सांगितला नाही, म्हणून तो मोकळा झाला आणि पेट्रियट्सशी करार करू शकला. दोन वर्षांनी टेरेल सग्जच्या वाट्याला ते आलं नाही. बाल्टिमोरमध्ये 16 मोसम काढलेल्या सग्जला ॲरिझोनाने 2019 च्या डिसेंबरमध्ये सोडलं. त्याचा ओढा बाल्टिमोरकडे असल्याच्या बातम्या होत्या, पण कॅन्सस सिटीने मधेच उचललं. तिथे त्याला सुपर बोलची अंगठी मिळाली, याचा आनंद आहे. तरीही 37 व्या वर्षी आपण कुठे संपायचं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता निष्ठेकडे येऊ. पिट्सबर्गमध्ये हा विषय साधा नाही. या संघाच्या नावातच पोलाद आहे, आणि 1980 च्या दशकात तिथले पोलादाचे कारखाने एकामागोमाग बंद पडले, हजारो कुटुंबं शहर सोडून गेली. जिथे गेली तिथे हा संघ बरोबर घेऊन गेली, आजही देशभरातल्या परक्या मैदानांत स्टीलर्सच्या सामन्याला पिवळे टॉवेल फिरतात ते त्यामुळे. 1933 पासून संघ रूनी घराण्याकडे आहे, आणि 1969 पासून 2017 पर्यंत मुख्य प्रशिक्षक झाले फक्त तीन. अशा शहराला आपला माणूस हाडवैऱ्याकडे गेलेला बघवत नाही, हे मी समजू शकतो. चाहत्यांच्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी कुणाचा करार मोडलेला नाही.

सहकाऱ्यांचा राग मात्र मला पटत नाही. पाउन्सीला ठाऊक होतं की त्याचाही करार संघ हवा तेव्हा मोडू शकतो. या लीगमध्ये बहुतेकांच्या करारातला बराचसा पैसा हमीचा नसतो. चार वर्षांचा करार म्हणजे खेळाडू चार वर्षं बांधलेला आणि संघ पुढच्या शनिवारपर्यंत. खेळाडूंच्या संघटनेने झगडून जुन्या खेळाडूंसाठी त्या मोसमाच्या उरलेल्या पगाराची थोडी सोय करून घेतली आहे, बस, तेवढंच. अशा व्यवस्थेत निष्ठा हा शब्द मालकांनी काढला तर त्यांचा स्वार्थ कळतो. तोच शब्द कामगार दुसऱ्या कामगारावर फेकतो तेव्हा माझा जीव तुटतो. हॅरिसनने पेट्रियट्सना स्टीलर्सचे डाव सांगितले असतील, ही शंकाही सहकाऱ्यांच्या रागात होती. पण ते डाव ज्याच्या डोक्यात होते त्याला मोसमाच्या ऐन मोक्यावर मोकळं कुणी सोडलं? तो धोका वाटत होता तर अजून पाच आठवडे त्याचा पगार द्यायचा होता.

पिट्सबर्गने हे पूर्वीही पाहिलं आहे. फ्रँको हॅरिस, चार सुपर बोल जिंकून देणारा धावपटू, 1984 मध्ये पगारवाढ मागत सराव शिबिराला आला नाही, तर स्टीलर्सनी त्याला सोडून दिलं. पत्रकारांनी विचारलं तेव्हा प्रशिक्षक चक नॉल यांनी उलट विचारलं होतं, कोण फ्रँको? जिम ब्राउनचा कारकिर्दीत 12,312 यार्ड धावण्याचा विक्रम गाठायला फ्रँकोला 362 यार्ड हवे होते. तो सिॲटलकडे गेला, आठ सामन्यांत 170 यार्ड धावला, आणि सिॲटलनेही त्याला मोसमाच्या मधेच काढलं. हिशेब 12,120 वर थांबला. तेवढ्यात वॉल्टर पेटनने तो विक्रम मोडलाही होता. पुढे शहराने फ्रँकोला पुन्हा डोक्यावर घेतलं, विमानतळावर त्याचा पुतळा उभारला, आणि 2022 मध्ये स्टीलर्सनी त्याचा 32 क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. त्या समारंभाच्या चार दिवस आधी तो वारला. म्हणजे सिॲटलला जाण्याने वारसा पुसला जात नाही, हे पाउन्सीला त्याच शहरात कुणीही सांगितलं असतं.

माइक वेबस्टरची कहाणी मात्र याहून कठोर आहे आणि ती टाळून हा विषय बोलता येत नाही. पंधरा मोसम तो स्टीलर्सचा सेंटर होता, म्हणजे पाउन्सीच्याच जागेवर. प्रत्येक डावात पहिली धडक त्याच्या डोक्याला. चार सुपर बोल, 1997 मध्ये हॉल ऑफ फेम. 1988 नंतर स्टीलर्सकडून सुटला, दोन वर्षं कॅन्सस सिटीला खेळला आणि निवृत्त झाला. त्यानंतर त्याला नावं आठवेनात, रस्ते सापडेनात, कधी तो आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. 2002 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, तो गेला. पिट्सबर्गच्याच शवागारात बेनेट ओमालू या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा विकार फुटबॉलपटूत पहिल्यांदा तिथे सापडला. निवृत्तिवेतनाच्या निधीने त्याला पूर्ण भरपाई नाकारली होती. त्याच्या वारसांना अपील न्यायालयाचा अंतिम कौल मिळाला तो 2006 मध्ये.

करार शनिवारी संपतो. त्या करारात दिलेली डोकी, गुडघे, खांदे पुढे तीस-चाळीस वर्षं हिशेब मागत राहतात, आणि तो एकट्या खेळाडूच्या घरी मागतात. म्हणून मला हे निव्वळ देण्याघेण्याचं प्रकरण वाटत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच मोकळीक आहे असं म्हणायला दोघांनी सारखंच पणाला लावलेलं असावं लागतं.

हॅरिसनच्या गोष्टीचा शेवट सांगायचा तर त्या मोसमात स्टीलर्स आणि पेट्रियट्सची पुन्हा गाठ पडलीच नाही. 14 जानेवारीला जॅक्सनव्हिलने स्टीलर्सना त्यांच्या घरी 45-42 असं हरवलं. हॅरिसनने पेट्रियट्सकडून पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध दोन सॅक केले, सुपर बोलपर्यंत गेला, तिथे फिलाडेल्फियाकडून 41-33 अशी हार पत्करली आणि एप्रिलमध्ये निवृत्त झाला.

यातून बदलता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती फार मोठी नाही. दहा मोसम पूर्ण केलेल्या खेळाडूला वर्षाच्या कोणत्याही दिवशी सोडलं तरी तो थेट मोकळा व्हावा, वेव्हरची अट त्याला लागू नसावी. विरोधक म्हणतील की मग डिसेंबरमध्ये सुटलेले सगळे म्हातारे वाघ बलाढ्य संघांकडेच गोळा होतील, दुबळ्यांवर अन्याय होईल. हॅरिसनचं उदाहरण त्यांच्या विरोधात जातं. अट असूनही तो गेला त्या वर्षीच्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एकाकडेच, कारण दुबळ्या संघांना 39 वर्षांचा माणूस नकोच होता. 53 ची मर्यादा आणि पगाराची मर्यादा कुणालाही साठेबाजी करू देत नाहीत, त्यासाठी माणसाची निवड हिरावून घ्यायची गरज नाही. आणि नियम बदलेपर्यंत संघांनी स्वतःहून करण्यासारखंही काही आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक संघात असे एक-दोन ज्येष्ठ बसलेले असतात, ज्यांना आता खेळवायचं नाही हे प्रशिक्षकाला पक्कं माहीत असतं. त्यांना खोलीत बोलावून ते सांगायला आणि राहायचं की जायचं हे विचारायला अर्धा तास पुरतो, फक्त तो तारीख उलटायच्या आत काढला पाहिजे.